तिसरा खड्डा

पहिल्या खड्ड्यातलं पाणी हलायचं नाव घेत नव्हतं.

दादा त्याच्या काठावर उकिडवा बसला होता. शाळेत भूमिती शिकवून शिकवून त्याला प्रत्येक गोष्टीकडे डोळे बारीक करून बघायची खोड लागली होती. आताही तो पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीकडे अशा नजरेनं बघत होता, की तिच्या जागी एखादं पोरगं असतं तर रडत घरी गेलं असतं. पाणी मात्र निगरगट्ट निघालं. मघाशी जिथे होतं तिथेच होतं. उलट मध्येच एक जाडजूड बेडूक येऊन त्यात बसला आणि पातळी एक रेघ वर चढली.

"दादा, तुझं पाणी वर मुरतंय," त्याची धाकटी बहीण म्हणाली.

"बेडूक धरायचा नाही. बेडूक वजा करायचा."

माती तपासायला आलेल्या बाईंनी बेडूक चिमटीत धरून वजा केला. पाणी पुन्हा पहिल्या रेघेवर आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. धाकटी इतकी हसली, की पोटावर हात ठेवून तिला खाली बसावं लागलं. पोटात पाचवा महिना होता. ती बसली म्हणून तिचा नवरा धावत आला, आणि धावत आला तो चिकणमातीवरून घसरून थेट दादाच्या पाठीवर. दादा गुडघ्यापर्यंत खड्ड्यात. तेवढ्यापुरती पातळी भलतीच वाढली.

खरं तर गोष्ट हसण्यासारखी नव्हती, म्हणूनच सगळ्यांना हसू आवरत नव्हतं. डोंगरावरच्या आईच्या घरामागचा जुना शोषखड्डा गेल्या वर्षापासून तुंबून वर यायला लागला होता. त्याचं पाणी वाटेवर आलं तेव्हा कचेरीतून एक माणूस आला, नाक धरून उभा राहिला आणि नाकातूनच सांगून गेला, की नवी सेप्टिक टाकी बांधा आणि तिचं पाणी नीट मुरेल अशी जागा दाखवा, नाहीतर इथे राहता येणार नाही. जागा दाखवायची म्हणजे खड्डे खणायचे, त्यात पाणी भरायचं आणि ते किती वेळात खाली उतरतं ते तपासणाऱ्या बाईंना दाखवायचं. उतरलं तर आई डोंगरावर राहणार, धाकटी आणि तिचा नवरा शहरातली ओल आलेली खोली सोडून इथे घर बांधणार, आणि येणारं बाळ या उतारावर गडगडत मोठं होणार. नाही उतरलं तर आईला दादाच्या तिसऱ्या मजल्यावर जावं लागणार आणि ही जागा मोबाइलच्या टॉवरवाल्यांच्या घशात जाणार.

टॉवरवाल्यांशी दादाच बोलून आला होता. त्याबद्दल धाकटी दोन महिने त्याच्याशी तिरकंच बोलत होती. पण दादाही काही दगड नव्हता. त्यानं आईसाठी खिडकीजवळचा पलंग रिकामा केला होता, खिडकीत दोन कुंड्या आणून ठेवल्या होत्या, आणि आई त्या कुंड्यांकडे बघून काय म्हणेल या विचारानं त्याला दोनदा दरदरून घाम फुटला होता. एवढं असूनही पहिला खड्डा त्यानं स्वतः खणला होता. रस्त्यालगतची ही जागा कशी सपाट, आखीव. सपाट ती चांगली, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

"वरची सगळी बारीक माती वर्षानुवर्षं वाहून इथेच साचली, म्हणून तर ही सपाट आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी चिमूटभर माती ओली करून तळहातावर वळली. तिची सुतळीएवढी बारीक वळी झाली, तरी तुटली नाही. "नुसती चिकणमाती. यात पाणी मुरणार नाही. तुम्हाला हवी तर मडकी करा."

"पण कोन तर बरोबर होता," दादा पुटपुटला आणि चपला पिळायला लागला.

या बाईही त्या दिवशी अर्ध्या घरच्याच होऊन बसल्या होत्या, त्याला कारण आई. आईच्या घराला एक नियम होता, की डोंगरावर येताना रिकाम्या हातानं यायचं नाही. खाऊ, फुलं असलं काही नको. खाली ओढ्याच्या वळणावर रिकामी पोती आणि फावडं ठेवलेलं असे, तिथली एक पोतंभर माती भरून वर आणायची आणि भाजीच्या वाफ्यांत ओतायची. डोंगरावर सगळा कातळ. माती नाही तर भाजी कुठून येणार? दादानं शाळेत असल्यापासून आणली. जावई धाकटीला मागणी घालायला पहिल्यांदा आला तेव्हा नवा कोट आणि पांढरी पँट घालून आला होता; त्याला दोन पोती आणावी लागली. आज सकाळी या बाईंना आईनं फोनवर सांगितलं, "येताना वळणावरची एक पोतं माती घेऊन या हं." बाईंना वाटलं, नमुन्याची असेल. त्या धापा टाकत पोतं घेऊन वर आल्या, वजनाची चौकशी करायला लागल्या, आणि आईनं ते शांतपणे वांग्यांच्या वाफ्यात उपडं केलं.

दुसरा खड्डा जावयाचा होता.

जावई दातांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं असं, की जमीन असो नाहीतर दाढ, ठोकून बघितल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणून तो सकाळपासून छोटी हातोडी घेऊन उतारावर टकटक करत फिरत होता. मोठ्या खडकाच्या पायथ्याशी त्याला पोकळ आवाज आला आणि तिथे त्यानं खणलं. या घरात पोत्याखेरीज दुसऱ्या कशानं नाव काढायची त्याची ही पहिलीच संधी होती, आणि त्याला ती फुकट घालवायची नव्हती.

त्यानं बादली ओतली. पाणी गेलं.

दुसरी ओतली. तीही गेली. खड्ड्यानं गुळणी भरल्यासारखा एक आवाज केला आणि तोंड पुन्हा कोरडं.

"मुरलं!" जावई ओरडला. "दादा, बघा! अहो, पट्टी ओली होईपर्यंतसुद्धा थांबत नाही!"

धाकटी टाळ्या पिटत आली. आई चुलीवरचा चहा तसाच सोडून आली. दादानंसुद्धा मनातलं मोठेपण गोळा करून त्याच्या पाठीवर थाप मारली, पिंप कलंडून द्यायला खांदा दिला, आणि अख्खं पिंप त्या खड्ड्यानं हूं की चूं न करता गिळलं. जावयानं आनंदाच्या भरात सासूला उचलून एक गिरकी घेतली. आईनं त्याच्या डोक्यात टपली मारली, पण उतरायची घाई केली नाही. तिथल्या तिथे घर कुठे, ओटा कुठे, पाळणा कुठे टांगायचा यावरून दोन पक्ष पडले, आणि आश्चर्य म्हणजे दादा जावयाच्या पक्षात गेला.

बाई तेवढ्या नाचत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली, बादलीभर पाण्यात सोडली आणि ते पाणी पोपटासारखं हिरवंगार झालं. "हे ओता. आणि जरा थांबा."

"कशाला? पास झालं की."

"जरा थांबा तर खरं."

हिरवं पाणी गेलं. सगळे थांबले. चहा उतू गेल्याचा वास आला. आणि खालून, उताराच्या तळाशी असलेल्या आत्याच्या घरातून, अशी किंकाळी आली की झाडावरचे सगळे पक्षी एकदम उडाले.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचं नि आईचं बोलणं बंद होतं. का, तर कधीकाळी चार पाहुण्यांसमोर आत्या म्हणाली होती, की वहिनीच्या बागेतली काकडी कडू लागते. तेव्हापासून दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या तरी मध्ये एक माणूस लागायचा. वडील होते तोवर हे काम ते करत. ते गेल्यावर ते जावयाकडे आलं, आणि त्याला मनापासून वाटायचं की याच्यापेक्षा अक्कलदाढ काढणं सोपं.

आत्या आली. पायात चपला नव्हत्या, घोट्यापर्यंत पाय हिरवे होते आणि काखेत कोंबडी होती. कोंबडी वरून पांढरी आणि पोटाखाली हिरवी.

"जावईबापू," आत्या आईकडे बघत म्हणाली, "हिला विचारा, माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीतून नदी कुणी सोडली?"

"आई, आत्या विचारतायत की..."

"ऐकू आलं मला. त्यांना सांगा, कोंबडीला रंग बरा दिसतोय."

"आत्या, आई म्हणतायत की..."

"मला काय कान नाहीत?"

बाईंनी मध्ये पडून समजावलं, की त्या खडकाला खालपर्यंत भेग आहे. पाणी मातीत मुरतच नाही, भेगेतून धावतं आणि थेट आत्यांच्या भिंतीतून बाहेर पडतं. मातीतून गाळून गेलं तर पाणी साफ होतं. असं गेलं तर जसं आहे तसंच खाली पोचतं.

"आणि उद्या यांची टाकी झाली," आत्या म्हणाली, "की त्यात काय असेल?"

धाकटीनं ओठ दाबले. दादानं आभाळाकडे बघितलं. शेवटी जावई अतिशय आदरानं म्हणाला, "आत्या, तुम्ही आधी बसा," आणि मग जो हशा फुटला त्यात बाईही सामील झाल्या. आत्याची कोंबडी निसटून पळाली तरी तिला धरायला कुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

हसून झालं. दुसरा खड्डाही बाद.

बाई पट्टी पुसत होत्या. पिशवीची चेन लागली. दादानं खिशातून फोन काढला, हातात धरला आणि लावला मात्र नाही.

"अजून कुठे?" धाकटीनं विचारलं.

"तुम्हीच सांगा. वर कातळ, रस्त्याकडे चिकणमाती, इथे भेग. निदान छातीइतकी तरी सुटी माती हवी. डोंगरावर ती मिळणं कठीणच असतं."

जागा एक होती. ती सगळ्यांना माहीत होती आणि म्हणूनच सकाळपासून तिच्याकडे पाठ करून सगळे बसले होते. घराच्या उजव्या अंगाला, दगडी बांधाच्या आत, आईचे वाफे. तिथे कितीही पाणी घातलं तरी कधी तळं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण खड्ड्यांची गोष्ट निघाली त्याच दिवशी आईनं बजावलं होतं, की बागेला हात लावाल तर याद राखा. धाकटीला ते पटलंही होतं. आईला डोंगरावर ठेवायचं ते कशासाठी? बागेसाठी. बाग घालवून आईला ठेवलं तर काय ठेवलं? हा हिशेब तिनं रात्रीतून शंभर वेळा मांडला होता आणि दर वेळी तो तिथेच अडकत होता. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मघाचं हसण्याचं आणि हे, दोन्ही एकाच गालावरून गेलं.

"दादा, लाव टॉवरवाल्यांना फोन," ती म्हणाली.

"मी काही मुद्दाम..."

"माहितेय रे. लाव."

दादानं फोन परत खिशात टाकला. "मला नाही लावायचा," तो चिडून म्हणाला. "तूच का सारखी मागे लागतेस? त्या पलंगाशेजारच्या कुंड्या मला बघवत नाहीत."

दोन महिन्यांनी भाऊ धाकटीच्या बाजूला आला होता, आणि तेही बाजूच उरली नव्हती तेव्हा.

ठक्, असा आवाज झाला. सगळे वळले. आई वाफ्यांच्या ऐन मध्यावर, घेवड्याच्या वेलात उभी होती आणि तिच्या हातात कुदळ होती.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "माझ्या वयाच्या बाईनं खड्डा खणायचा आणि तुम्ही पट्ट्या पुसायच्या?"

आत्याला खरं तर कोंबडी धरून घरी जायचं होतं. पण ती बांधावर टेकली ती टेकलीच. वहिनी घेवडा उपटतेय हे दृश्य तिला परत बघायला मिळालं नसतं.

दादा आणि जावई आळीपाळीनं खणत होते. आधी काळी, मऊ माती. मग आणखी तशीच. गुडघा गेला, कंबर गेली, छातीपर्यंत आले. बाई आत उतरल्या आणि खड्ड्याच्या भिंतीवरून अंगठा फिरवायला लागल्या. "ही इथली नाही," त्या म्हणाल्या. "भरावाची आहे. नुकत्याच टाकलेल्या मातीत मी पाणी मोजत नाही, ती फसवते. पण ही खाली चांगली बसलीय. मुळं आहेत, गांडुळांची भोकं आहेत. कधीपासून भरताय?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून," आई म्हणाली.

"आणि कुठून आणली?"

दादा अचानक फावड्याचा दांडा न्याहाळायला लागला. आत्या बांधावरून उठली, खड्ड्याशी आली आणि वाकून तिनं मूठभर माती उचलली. मातीत अभ्रकाचे बारीक कण चमकत होते. असे कण या डोंगरावर एकाच ठिकाणी होते.

"माझा काठ!" आत्या ओरडली. "ओढ्याचा माझा काठ! अगं, दरवर्षी मी म्हणतेय ओढा काठ खातोय, ओढा काठ खातोय! दगड रचून रचून माझी कंबर गेली! आणि तो काठ हिच्या वांग्यांना!" ती वळली आणि जावयाला हातानं बाजूला सारून सरळ आईसमोर उभी राहिली. "चोरटे!"

"वन्सं, चार पाट्या मातीसाठी चोरटी म्हणता?"

"चार? हा बघ, पोरगा छातीइतका आत गेलाय, तरी तळ लागेना!"

दोघी थबकल्या. आपण बोललो, हे दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. जावयानं हातातलं फावडं हळूच खाली ठेवलं.

"भांडण नंतर करा," बाई खड्ड्यातून म्हणाल्या. "पाणी द्या."

पाणी ओतलं. आधी ते थोडं थांबलं. मग पट्टीवरची एक रेघ उघडी पडली. मग दुसरी. धावत नाही, अडत नाही, एखादं शहाणं मूल दूध पितं तसं ते खाली जात होतं. दादा रेघ मोजत होता आणि दर रेघेला त्याचा आवाज चढत होता. बाईंनी पुडी टाकली. हिरवं पाणीही त्याच चालीनं उतरलं. आत्यानं धाकटीला खाली आपल्या घरी पिटाळलं, ती भिंत चाचपून आली आणि वाटेतूनच ओरडली, "कोरडी! कोरडी आहे!" जावई तिला उचलायला धावला आणि पुन्हा घसरला. या वेळी कुणावर पडला नाही, घेवड्यात पडला.

"पास," बाई म्हणाल्या. "सगळी जागा लागेल मात्र, बांधापासून बांधापर्यंत. नळ्या आडव्या जातील. त्याच्यावर परत खणायचं नाही आणि खायचं काही लावायचं नाही. गवत, फार तर फुलं."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईनं उभ्या जन्मात खाता येत नाही असं एकही रोप लावलं नव्हतं. फुलांना ती कामचुकार म्हणायची.

"आई, नको," दादा म्हणाला. "एवढी मेहनत तुझी. दुसरं काहीतरी बघू आपण."

आई खड्ड्याच्या काठावर बसली. तिनं पाय आत सोडले.

"मेहनत तुमची," ती म्हणाली. "आणि भाजीला काय एवढी माती लागते? वीतभर मुळं त्यांची. बाग कधीच भरली होती. तुमचे बाबा गेले त्याच्याही आधी."

"मग दर खेपेला पोतं..."

"मग काय सांगून बोलावणार होते तुम्हाला?" आई म्हणाली. "कामं असतात तुम्हाला. आई एकटी आहे म्हणून कुणी येत नाही रे रोज उठून. आईला माती हवीय म्हटलं की येता. कुरकुरत येता, पण येता. एवढं वर चढून आलं की माणूस जेवून जातो, झोपून जातो. एकदा तर चार दिवस राहिलात." ती जराशी हसली. "आता तुम्ही इथेच असणार. गवत उगवू दे हवं तर."

धाकटी आईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. हुंदक्यांतच तिला हसू फुटलं, कारण दादा भूमितीच्या मास्तरला न शोभेल असा भोकाड पसरून रडत होता आणि जावई त्याला चिखलाच्या हातांनी शांत करत होता.

आत्या मात्र जागची हलली नाही. हातातली माती तिनं टाकली नव्हती. दर सुट्टीला वरून हशाचे आवाज यायचे. ताटांचे, धावण्याचे, कुणीतरी कुणाला हाका मारल्याचे. ती खिडकी लावून घ्यायची, आणि थोड्या वेळानं स्वतःच उघडायची. त्यांच्या पाठीवरची पोती तिनं लांबून बघितली होती. खत असेल, म्हणाली होती.

"वहिनी," ती म्हणाली.

"काय?"

"मला सांगायचंस की. मीही आणली असती."

आई उठली, हात झटकले आणि सरकून तिनं वाफ्यात जागा केली.

"या मग," ती म्हणाली. "त्या टोकापासून धरा. हे सगळं संध्याकाळच्या आत उपटायला हवं."